सोळा पानं, दोनदा वाचलेली

लातुरात आमच्या गल्लीत मला 'पुस्तकं तपासणारे सर' म्हणतात. कुरिअरवाला आठवड्यातून एकदा तरी पाकीट घेऊन येतो, माझी सही घेतो आणि पाकीट हातावर तोलत विचारतो, "सर, आजचं लई जड दिसून राहिलंय. पास होईल का हे?" मी चेहरा गंभीर करून "बघू" म्हणतो. आतून मंगल, म्हणजे आमची सौ., मोठ्यानं सांगते, "त्यांनाच कळलं तर होईल!"

नोकरी म्हणाल तर मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. पण हौसेनं गळ्यात बांधून घेतलेलं काम वेगळं आहे. मराठीत तत्त्वज्ञानावर जी अभ्यासपूर्ण, तळटीपांनी भरलेली, दारात अडसर म्हणून लावता येतील अशी पुस्तकं निघतात, त्यांची परीक्षणं मी नांदेडहून निघणाऱ्या एका त्रैमासिकात लिहितो. वीसेक वर्षं झाली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा" अशी अट घातली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली आहे.

काम तसं साधं आहे. पुस्तक वाचायचं. लेखकाला काय म्हणायचंय ते आपल्या शब्दांत असं मांडायचं की लेखकानं वाचून मान हलवावी. आणि मगच ते कुठं पटत नाही ते सांगायचं. हा क्रम उलटा केला की परीक्षणाचं भांडण होतं. परीक्षण वाचणारे सगळे मिळून चार: लेखक, लेखकाचा वैरी, आमचे संपादक आणि मुद्रितं तपासणारे काका. त्यातले काका तेवढे मन लावून वाचतात.

आमचे काही खास शब्दही आहेत. 'चिंतनीय' म्हणजे कळलं नाही. 'विचारप्रवर्तक' म्हणजे वाचताना दुसराच विचार सुरू झाला. 'संदर्भमूल्य मोठे' म्हणजे कपाटात उभं छान राहील. लेखकांनाही हे शब्द ठाऊक असतात, पण स्वतःच्या पुस्तकाबद्दल आले की ते त्यांचा खरा अर्थ घेतात. त्यामुळे सगळ्यांचं बरं चाललेलं असतं.

नमुने तर किती भेटले! देवणीकडचे एक गृहस्थ स्वतःच्या ग्रंथाचं परीक्षण लिहूनच घेऊन आले. "तुम्हाला कशाला तसदी सर, खाली फक्त सही टाका." वाचून पाहिलं तर त्यात एक परिच्छेद टीकेचाही होता. टीका अशी की, लेखकाची विनम्रता काही ठिकाणी अतिरेकी वाटते. दुसरे एक निवृत्त नायब तहसीलदार. त्यांनी शून्यवादावर सहाशे पानं लिहिली होती. मी भीत भीत सुचवलं की ग्रंथ थोडा आटोपशीर करता आला असता. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, काहीच नाही या विषयावर सहाशे पानं लिहायला किती कष्ट लागतात, तुम्हाला अंदाज हाय का?" मला नव्हता. मी तसं कबूल केलं.

या सगळ्यात माझी म्हणून एक ऐट होती. आमच्या धंद्यातले बरेच जण पुस्तकाचे तीन थांबे घेतात: प्रस्तावना, शेवटचं प्रकरण आणि मागची सूची. मधल्या गावांना गाडी थांबतच नाही. मी तसा नव्हतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षरन् अक्षर वाचल्याशिवाय मी पेनचं टोपण काढत नसे. हे मी नव्या प्राध्यापकांना व्याख्यान देऊन सांगितलंय. दोनदा.

तर अशा माझ्याकडे कौसल्याबाई सोनकांबळे यांचं पुस्तक आलं.

बाई लातूरजवळच्याच मुरुडच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय एकाहत्तर. निवृत्तीनंतर पाली शिकल्या आणि बारा वर्षं खपून त्यांनी 'फळ कुणाच्या पदरी' हा बौद्ध तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ लिहिला. प्रश्न जुना आणि अवघड. बौद्ध मत असं की, माणसाच्या आत आत्मा नावाची कायम टिकणारी वस्तू नाही. शरीर बदलतं, मन बदलतं, सगळं वाहतं आहे. मग काल ज्यानं गुन्हा केला तो आज उरलेलाच नसेल, तर शिक्षा कुणाला द्यायची? उपकार करणारा उरला नसेल, तर आभार कुणाचे मानायचे?

आपल्याकडे वाद मांडायची एक जुनी रीत आहे. आधी समोरच्याचा आक्षेप त्याच्याहून जोरात आपणच मांडायचा, आणि मग उत्तर द्यायचं. बाईंनी तेच केलं होतं. आक्षेप असा कडक मांडला होता की मी खुर्चीत सरसावून बसलो. तेवढ्यात परीक्षेचे पेपर तपासायला आले. मी एकशे साठाव्या पानावर खूण घातली आणि पुस्तक बाजूला ठेवलं.

दहा-बारा दिवसांनी खुणेपासून पुढं वाचायला घेतलं. बाई पुन्हा तोच आक्षेप मांडत होत्या. तीच उदाहरणं, तोच जोर. मी वहीत लिहिलं, 'पुनरुक्ती!' उद्गारचिन्हासकट. नेटानं वाचत राहिलो. आक्षेप संपला आणि एकदम करुणेवरचं प्रकरण सुरू झालं. उत्तर कुठाय? उत्तर नव्हतंच. मी वहीत दुसरी नोंद केली.

परीक्षण छापून आलं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत, विसरायचा प्रयत्न करूनही. पहिलं: 'एकच प्रश्न दोनदा विचारून उत्तर टाळणे ही लेखिकेची पद्धत दिसते.' दुसरं, शेवटचं: 'दीर्घ शालेय अध्यापनाचा अनुभव तत्त्वचिंतनाला पुरा पडतोच असे नाही.' हे दुसरं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते मंगलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझी आई पण शाळेतच शिकवायची बरं का." आणि आत गेली.

अंक निघाल्यावर आठवड्यानं सकाळी फोन वाजला.

"सर, मी मुरुडहून कौसल्या सोनकांबळे बोलते."

आम्हाला अशा फोनची सवय असते. मी आवाज गोड केला. "बोला बाई."

"परीक्षण वाचलं. मेहनत घेतलीत. एकच विचारायचं होतं. एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर या पानांबद्दल तुमचं मत काही कळलं नाही."

"कशाबद्दल आहेत ती?"

"त्यातच उत्तर आहे, सर."

"एक मिनिट," म्हणून मी रुबाबात पुस्तक काढलं. त्यांना त्यांचंच पान वाचून दाखवायचा बेत होता. एकशे साठ उघडलं. पान उलटलं. समोर पान एकशे पंचेचाळीस.

मी मागं गेलो, पुढं आलो. चष्मा पुसला. एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ ही सोळा पानं माझ्या प्रतीत दोनदा होती. त्यानंतर थेट एकशे सत्त्याहत्तर.

हे कसं होतं ते सांगतो. पुस्तक एकेक पान सुटं छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात आणि घड्या घालतात; त्याला फॉर्मा म्हणतात. बायंडर हे फॉर्मे क्रमानं एकावर एक रचतो आणि शिवतो. रचताना हात चुकला की एक फॉर्मा दोनदा लागतो आणि एक राहून जातो. त्यात बायंडरचं फार काही जात नाही. तो पुस्तकं वाचत नाही, शिवतो. वाचायचं काम माझ्याकडं होतं.

"बाई, मी तुम्हाला फोन करतो," म्हणून मी फोन ठेवला.

मंगल भाजी निवडत होती. मी तिला पुस्तक दाखवलं. तिनं पानं उलटली, पुन्हा उलटली आणि हातातली मेथी खाली ठेवली.

"म्हणजे हीच पानं तुम्ही दोनदा वाचलीत?"

"हाव."

"अक्षरन् अक्षर?"

"हाव."

"अन् कळलं न्हाई?"

"मला वाटलं, त्या पुन्हा सांगून राहिल्यात. तत्त्वज्ञानात तसं असतंय."

"अहो, घरी पोथी वाचताना एक पान निसटलं तर नुसती ऐकत बसलेली माझी आजी म्हणायची, थांबा, काहीतरी सुटलं. तिला तर अक्षरओळख नव्हती." ती एवढी हसली की शेजारच्या वहिनी डोकावल्या. मग डोळे पुसत, एकदम हसू थांबवून म्हणाली, "त्या बाईंचं काय पण आता?"

तोच तर प्रश्न होता. नांदेडच्या एका कॉलेजात आमच्या विषयाचं एम.ए. चालतं. विद्यार्थ्यांनी कुठली पुस्तकं वाचायची याची यादी एक समिती ठरवते. यादी एकदा ठरली की तीन वर्षं हलत नाही. यादीत आलेलं पुस्तक ग्रंथालयं घेतात, मुलं वाचतात, त्यावर प्रश्न निघतात. न आलेलं पुस्तक लेखकाच्या घरी, खोक्यात. बाईंनी रीतसर अर्ज केला होता, चार प्रती समितीकडं गेल्या होत्या. बैठक येत्या शनिवारी होती, आणि बाईंच्या फाइलीत सगळ्यात वर माझं परीक्षण लावलेलं होतं. मला हे ठाऊक होतं, कारण समितीच्या चार जणांत एक मी.

फॉर्म्याचे फोटो व्हॉट्सॅपवर मागवता आले असते. पण "बाई, तुमचं उत्तर पाठवता का, मी ते न वाचताच तुम्हाला नापास केलंय" असं टाइप करायला बोट धजेना. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि मुरुड गाठलं.

बाईंचं घर शाळेच्या मागच्या बाजूला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं. बाई बारीक, ताठ. माझी प्रत हातात घेऊन त्यांनी पानं उलटली आणि मान हलवली.

"माझ्याकडं आलेल्या प्रती चांगल्या होत्या. परीक्षणाच्या आणि समितीच्या प्रती प्रेसवाल्यानं परस्पर पाठवल्या. पहिलाच गठ्ठा असणार." मग माझ्याकडं पाहिलं. "पेपर तपासताना पुरवणी सुटली की पोरगं नापास होतं सर. आम्ही म्हणून पुरवण्यांना दोरा बांधायला लावायचो."

"चुकलो बाई."

"बसा तिथं." आपल्या प्रतीतलं एकशे एकसष्टावं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "वाचा. मी चहा टाकते. वाचून झाल्याशिवाय मिळणार न्हाई."

मी चौपन्न वर्षांचा माणूस, डॉक्टरेट असलेला, एका मुख्याध्यापिकेसमोर खाली मान घालून सोळा पानं वाचत बसलो.

उत्तर शाळेतलंच होतं. बाईंनी लिहिलं होतं: चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला एखादा माणूस दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो. त्या वेळचे मुख्याध्यापक वारले. शिक्षक गेले. इमारत पाडून नवी बांधली. वर्गातली मुलं पांगली. त्याच्या काळातलं एक माणूस, एक वीटसुद्धा शाळेत उरलेली नाही. तरी मी जनरल रजिस्टर उघडते, त्याची नोंद काढते, आणि 'हा विद्यार्थी या शाळेत शिकत होता' याखाली सही करते. ती सही खोटी नसते. मी तेव्हा इथं नव्हते असं सांगून त्याला परत पाठवायचा अधिकार मला नाही. शाळेच्या पोटात कुठं न बदलणारा गाभा बसलाय म्हणून ही जबाबदारी माझ्यावर येते का? तसा गाभा मला कधी सापडला नाही. एकानं दुसऱ्याच्या हातात रजिस्टर दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि मधे कुणी ते खाली टाकलं नाही, म्हणून येते. माणसाचंही तसंच. कालच्या मनानं आजच्या मनाच्या हाती रजिस्टर दिलेलं असतं. जबाबदारीला मालक लागत नाही, खंड न पडणं लागतं.

पुढची बारा पानं त्यांनी या उदाहरणावर स्वतःच हल्ले चढवले होते. रजिस्टर जळालं तर? नोंद चुकीची असेल तर? एकेक हल्ला अंगावर घेऊन परतवला होता. वीस वर्षांत मी या प्रश्नावर मराठीत एवढं सरळ काही वाचलं नव्हतं. आणि मी छापून आणलं होतं की शाळेचा अनुभव पुरा पडत नाही. पुरा पडायचं सोडा, उत्तरच तिथून आलं होतं.

चहा आला. मी म्हणालो, "बाई, ते शेवटचं वाक्य... त्यात बायंडरचा काही दोष नव्हता. ते माझंच होतं."

बाईंनी बशी पुढं सरकवली. "ठाऊक आहे. ते लागलं सर. बाकीचं नाही लागलं." मग म्हणाल्या, "तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करीन म्हणा. तोवर मी असले तर. यादीत असलं की पोरं वाचतात, एवढंच."

त्या सोळा पानांच्या चार झेरॉक्स काढून मी घरी आलो आणि इनामदार सरांना फोन लावला. सर माझे गुरू, त्रैमासिकाचे संपादक आणि त्या समितीचे अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर.

"अरे दिगंबर, बायंडरची चूक, त्यात तू काय करणार? पुढच्या अंकात तळाला दोन ओळी टाकू. झालं."

"आणि समिती, सर?"

"यादीचा कागद तयार आहे. पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप तीन वर्षांनी. बाई एकाहत्तरच्या आहेत."

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. मी घाई करून राहिलोय का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, सगळं वाचणारा माणूस म्हणून तुझं नाव आहे. ते घालवू नको. आपल्या त्रैमासिकानं आजवर माफी छापलेली नाही."

शनिवारी सकाळी नांदेडच्या बसमध्ये बसलो. अहमदपूरपर्यंत मी मनात निवेदन रचत होतो: 'काही प्रतींत फॉर्मा चुकीचा लागल्याचे निदर्शनास आले आहे.' वाक्य झकास जमलं होतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. आणि मग मलाच शरम वाटली. फळ कुणाच्या पदरी हे विचारणाऱ्या पुस्तकाबद्दल मी असं वाक्य जुळवत होतो, जे कुणाच्याच पदरी पडणार नव्हतं. लोह्याच्या आसपास ते सोडून दिलं. नवीन जुळवत बसलो नाही.

बैठकीला आम्ही चौघं. इनामदार सर, तर्कशास्त्र शिकवणारे केंद्रे सर, पाटील मॅडम आणि मी. इनामदार सरांनी भराभर पानं उलटत बाईंची फाइल काढली. "सोनकांबळे. दिगंबरचं परीक्षण जोडलंय. केंद्रे सरांचं मत, 'युक्तिवादात कुठेही खंड नाही, तरी परीक्षणाशी सहमत.' मॅडमही सहमत. वगळू या?"

"सर, एक विनंती," मी म्हणालो. "सगळ्यांनी आपापल्या प्रतीतलं एकशे साठावं पान काढा. आणि पुढचं उलटा."

पानांची सळसळ झाली. मग ती थांबली.

"मी ही सोळा पानं दोनदा वाचली," मी सांगितलं. "मला कळलं नाही. उत्तर असलेली सोळा पानं वाचलीच नाहीत, तेही कळलं नाही. आणि त्यावर बाई पुनरुक्ती करतात, उत्तर टाळतात असं छापलं. हे परीक्षण माझं आहे आणि ते चूक आहे. ते फाइलीतून काढा."

पाटील मॅडम आधी बोलल्या, आणि त्याबद्दल मला त्यांचा कायम आदर आहे. "मी साठ पानांपर्यंतच गेले होते. पुढं तुमच्यावर विश्वास ठेवला. माझं मत साठ पानांपुरतं धरा."

केंद्रे सर आपल्या प्रतीकडं टक लावून बसले होते. "खंड नाही लिहिलं की हो मी," ते स्वतःशीच म्हणाले. "सोळा पानांचा खंड."

इनामदार सर आपली प्रत छातीशी धरून बसले होते. सरांना लाल पेन्सिलीनं समासात लिहायची सवय आहे; त्यांचे शेरे वाचून आमच्या तीन पिढ्या शहाण्या झाल्यात. मी हळूच म्हणालो, "सर, बघू का?"

"नको."

"सर."

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. एकशे बावन्नावं पान, पहिल्यांदा आलेलं: एका परिच्छेदाखाली लाल रेघ आणि समासात, 'वा! मार्मिक.' मी पुढं गेलो. तेच एकशे बावन्नावं पान, दुसऱ्यांदा आलेलं: त्याच परिच्छेदाखाली लाल रेघ आणि समासात, 'किती ते पाल्हाळ!'

आम्ही तिघंही खाली बघत होतो. हसणं म्हणजे गुरुद्रोह. आणि मग खुर्ची करकरली. इनामदार सरच हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "सोळा पानांत माझं मत बदललं! अरे, मी किती विचारी माणूस आहे!" मग केंद्रे सर फुटले, मॅडम फुटल्या, आणि बाहेरून शिपाईमामा बघायला आले की काय झालं.

चष्मा पुसून सर म्हणाले, "आणलीस का ती पानं?"

मी झेरॉक्स वाटल्या. "वाच," सर म्हणाले. "मोठ्यानं. आम्ही वाचू याचा आता भरवसा नाही."

मी वाचलं. दाखल्याच्या सहीपाशी आलो तेव्हा केंद्रे सरांनी पेन खाली ठेवलं. रजिस्टर जळालं तर, या आक्षेपावर ते पुढं झुकले आणि आधी स्वतःच म्हणाले, "हां, इथं सापडल्या," आणि पुढच्या पानावर बाईंनी मान सोडवून घेतली तेव्हा टेबलावर थाप मारून म्हणाले, "न्हाई सापडल्या! वा बाई!" शेवटचं पान संपलं तेव्हा इनामदार सरांनी यादीचा कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या हातानं, लाल पेन्सिलीनं लिहिलं: 'फळ कुणाच्या पदरी. अनिवार्य वाचन.' संदर्भासाठी नव्हे, अनिवार्य. आम्ही तिघांनी खाली सह्या केल्या.

"आणि त्रैमासिक, सर?" मी विचारलं.

"माफी छापत नाही म्हणजे नाही. परीक्षण पुन्हा लिही. पहिल्या ओळीपासून. पहिलं का रद्द, ते सगळं सांग. माझे दोन्ही शेरे पण छाप." मग टेबलावरून माझ्याकडं वाकून म्हणाले, "आणि या खेपेला आधी पानं मोज."

व्हरांड्यातूनच बाईंना फोन केला. मी सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "अनिवार्य म्हणजे परीक्षेला येणार?"

"हाव बाई, येणार."

"मग प्रेसवाल्याला सांगते. उरलेल्या सगळ्या प्रतींची पानं मोजून घ्या म्हणावं." आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला.

दुसरं परीक्षण छापून आलं. माझी अक्षरन् अक्षर वाचण्याची कीर्ती मराठवाडाभर धुळीला मिळाली. लेखक फोन करून सांगू लागले, "सर, प्रत नीट तपासून पाठवलीय, तरी एकदा मोजून घ्या." मी मोजतो. मंगल ताडून बघते. पण त्या परीक्षणाइतकी पत्रं मला दुसऱ्या कशालाही आली नाहीत, आणि ती चारच वाचकांची नव्हती.

वर्ष सुरू झाल्यावर कॉलेजनं बाईंना नांदेडला बोलावलं, एम.ए.च्या मुलांशी बोलायला. मी सोबत होतो. वर्गात तीस-पस्तीस जण, प्रत्येकासमोर बाईंचं पुस्तक. काहींनी जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, काहींच्या पानांत रिक्षाची, बसची तिकिटं खुणेला घातलेली. बाई दारातच थांबल्या. एवढी पुस्तकं त्यांनी एकत्र फक्त खोक्यात पाहिली असावीत. मग आत गेल्या आणि पाऊण तास बोलल्या. कुठं अडखळल्या नाहीत. टाळ्या पडल्या. मी घड्याळ पाहिलं. लातूरची पाचची बस पकडायची तर निघायला हवं होतं. मी त्यांची पिशवी उचलली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठली. देगलूरची, एसटीत कंडक्टर, नोकरी करून बाहेरून एम.ए. करणारी. ड्यूटीवरून थेट आलेली, अंगावर खाकी तशीच.

"बाई, पुस्तक चांगलंय. पण एकशे सत्तर पानावरचं मला पटलं न्हाई."

वर्गात चुळबूळ झाली. मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो.

"काय पटलं नाही?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणता, रजिस्टर हातोहात आलं म्हणून जबाबदारी आली. पण समजा एखादा म्हणाला, मला रजिस्टर दिलं कुणी, मी घेतलंच न्हाई. दररोज भेटतेत मला तसले. गाडीत बसताना गप बसतेत, अन् तपासनीस चढला की म्हणतेत, कंडक्टरनं विचारलंच न्हाई. अशाला तुमचं उत्तर लागू होत न्हाई बाई. तुमच्या शाळेत सगळे रजिस्टर घेणारेच होते."

पुढच्या बाकावर बसलेल्या केंद्रे सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. हा हल्ला बाईंच्या सोळा पानांत नव्हता. आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

बाई काही क्षण त्या कंडक्टर बाईकडं बघत राहिल्या. मग सावकाश त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मघाशी टाळ्या पडल्या, तेव्हा यातलं थोडंही मी पाहिलं नव्हतं.

"सर, पिशवी ठेवा खाली," त्या मला म्हणाल्या. आणि तिला विचारलं, "लातूरची पाचनंतरची गाडी किती वाजता गं?"

"साडेसहाला हाय, बाई. चार नंबर फलाट."

बाईंनी खुर्ची ओढली, पदर खोचला, पुस्तक एकशे सत्तरावर उघडलं आणि म्हणाल्या, "मग पुढं येऊन बस. पुन्हा सांग. हळू सांग, मी लिहून घेते."